खालच्याचा हुंकार

मावशीचा टीव्ही म्हणजे काय प्रकरण होतं, ते उचलणाऱ्यालाच कळावं. पुढे जाडजूड काच, मागे हे एवढं पोट, आणि धरायला म्हणाल तर नीट काहीच नाही. कित्येक वर्षांत तो लागला नव्हता, पण मावशी रोज त्याला पुसत मात्र असे. आता घरात नवा आला, तेव्हा हे धूड तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायला तिनं दोन्ही भाच्यांना बोलावलं. लोकांचं सामान हलवणं हाच दोघांचा धंदा, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"जिन्यात आपटू नका रे," मावशी म्हणाली. "आत्ताच रंग दिलाय भिंतीला."

"बघ दादा, भिंतीची काळजी आहे, भाच्यांची नाही!" धाकटा हसला. सगळे त्याला छोट्या म्हणत, आणि होता दादापेक्षा वीतभर उंच.

उंच म्हणून तो नेहमी खालच्या बाजूला. खरं ओझं खालच्याच्याच अंगावर येतं. काच छातीशी धरून उलटं उतरायचं, आणि वरच्याचा हात सुटला की चिरडलाच म्हणून समजा. म्हणून वडिलांनी दोघांना एक रीत घालून दिली होती. वरच्यानं "पायरी" म्हणायचं, खालच्यानं "हं" म्हणायचं, मगच पाऊल. एरवी खालच्यानं तोंड उघडायचं नाही, दम जातो. आणि खालचा स्वतः "ठेव" म्हणेपर्यंत वरच्यानं हात ढिला करायचा नाही, मरण आलं तरी नाही.

छोट्याची कंबर नुकतीच धरली होती. दादाला आज सगळी धास्ती त्याचीच होती.

"पायरी."

"हं."

धुडामागे छोट्याचं डोकंही दिसत नव्हतं. दिसत होती फक्त दोन्ही कडांवरची बोटं, आणि अंगठ्याचं हातोडी बसून काळं पडलेलं नख. पहिल्या वळणावर दोघांनी टीव्ही टेकवला. दादा खिडकीशी जाऊन घाम पुसत उभा राहिला. वळून पाहिलं तर बोटं पुन्हा कडांवर होती. गडी तयार दिसतोय, असं म्हणून त्यानं आपली बाजू उचलली.

टीव्ही हलका लागला.

"अरे, सगळा भार एकटाच घेऊ नकोस! कंबर आहे की काय आहे?" दादा खेकसला.

"हं."

पुढच्या वळणापर्यंत दादाच्या हातांवरचे केस उभे राहिले होते, चालू टीव्हीच्या काचेजवळ हात नेल्यावर राहतात तसे. वायर तर मागून पायऱ्यांवर लोळत होती. आतून बारीक चरचर येत होती.

"पायरी."

"हं."

"पाय..."

"हं."

घाई झाली असेल बिचाऱ्याला, दादानं स्वतःची समजूत घातली. पण त्यापुढचा "हं" त्यानं तोंड उघडायच्या आधीच आला.

"छोट्या, तूच आहेस ना रे?"

"हं."

तळमजला दिसायला लागला, तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला.

"दादा!" कठड्यावरून छोट्या ओरडत होता. "अरे, मी कंबरेचा पट्टा आणायला वर गेलो होतो! एकट्यानं कशाला उचललास?"

दादानं वर पाहिलं, मग खाली. काळं नख जागच्या जागी होतं.

हात सोडावा, तर खाली छोट्या असला तर? आपल्याच हातानं आपल्या भावाचा जीव घ्यायचा? आणि न सोडावा, तर हे कोणाबरोबर उतरतोय आपण? त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

"ठेव म्हण रे," तो कळवळून म्हणाला. "बाळा, एकदा ठेव म्हण."

"हं."

चपला धावत खाली आल्या. त्याच्या मनगटावर एक हात पडला. गरम, घामेजलेला. अंगठ्याचं नख काळं होतं.

"सोड दादा! खाली कोणी नाहीये!"

हा खरा छोट्या. दादाला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. भाऊ सुखरूप होता. आता सोडायला काहीच हरकत नव्हती.

त्यानं बोटं उघडायला पाहिलं. बोटं उघडेनात. छोट्या एकेक बोट ओढत होता, रडत होता.

टीव्ही दादाला खाली ओढतच राहिला. शेवटची पायरी संपली. समोर तळमजल्याची फरशी होती, तिच्याखाली आणखी जिना नव्हता. कडांवरची बोटं तरीही खाली गेली.

"पायरी," खालून आवाज आला.

दादाच्या तोंडून, जन्मभराच्या सवयीनं, "हं" निघून गेलं.

आणि त्याचं पाऊल फरशीच्या खाली उतरलं.