सातव्या तक्त्यावरची निळी रेघ

सातव्या तक्त्यावरून रस्ता नाहीसा झाला होता.

१९७३ सालच्या वैशाखातली सकाळ. धुळ्यातल्या एका कचेरीतून (नाव घेऊन कुणाचा रोष कशाला ओढवून घ्या!) शहराच्या वाढीव भागाचा आराखडा पुण्याला निघायचा होता. नकाशाचे तक्ते आठ, मुदत संध्याकाळी पाचची. मुदत टळली तर सगळाच आराखडा रद्द. सर्व्हेअर शालिग्राम शेवटची नजर टाकायला बसला आणि सातव्या तक्त्यावर अडला.

देवपूरच्या नव्या प्लॉटांमधून माळापलीकडच्या वस्तीपर्यंत चाळीस फुटी रस्ता आणि त्याच्या कडेनं पाण्याचा नळ. ही ओळ त्यानं स्वतः उन्हात साखळी ओढून मोजली होती. कचेरीत झाडलोट करणारी भिकुबाई त्याच वस्तीतली. तिथल्या बाया दोन मैलांवरून हंडे आणायच्या. शालिग्रामनं तिला छातीठोकपणे सांगितलं होतं, "अक्का, नळ तुझ्या दारात येतो बघ." नकाशावर आलेलं पाणी हंड्यात आलं असं समजणारा भाबडा माणूस!

तो तक्ता घेऊन अभयकुमारांकडे गेला. हे कचेरीचे तरुण साहेब, चोपड्याच्या व्यापारी घरातले.

"कुणी रेघ खरवडली असेल," साहेब म्हणाले.

"ब्लेड लागलं की ट्रेसिंग क्लॉथची तकाकी जाते, साहेब. इथं ओरखडासुद्धा नाही. शिवाय बाकीच्या सात तक्त्यांवर नळाच्या निळ्या रेघा आहेत, यावर एकही नाही. हा लोकांच्या हरकतींवर सुनावणी झाली, त्याआधीचा जुना तक्ता आहे. तेव्हा आपल्याकडे निळी शाईच नव्हती."

"मग खरा तक्ता कुठं गेला?"

कपाटाची किल्ली मुख्य आरेखक चुडामणनानांकडे असायची. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, मोत्यासारखं अक्षर. माघात देवपूरला नव्या घराची वास्तुशांत केली, तेव्हा अख्ख्या कचेरीनं त्यांचे लाडू खाल्ले होते.

"नाना, कपाट शेवटचं कधी उघडलंत?" शालिग्रामनं त्यांना विचारलं.

"शनिवारी. रद्दी तक्ते वाटले तेव्हा."

"किती?"

"जुने आठ. दरसालची रीतच आहे ती."

रीत खरी होती. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ दिलेलं उंची सुती कापड. रात्रभर भिजवलं की खळ आणि शाई निघून जाते, हाती येतं तलम पांढरं कापड. कचेरीतल्या निम्म्या लोकांचे रुमाल नि झबली त्याचीच.

"जुने आठ वाटले, तर हा जुना सातवा इथं कसा?"

"मोजण्यात चूक झाली असेल. वय झालं आता."

"कुणाला कुठला दिला, आठवतं?"

"आठवत नाही."

शालिग्राम बाहेर आला. भिकुबाई ओसरीत माठ भरत होती. लेक दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला गेली होती, म्हणून सहा महिन्यांची नात इथंच गोणपाटावर निजलेली. अंगात नवं पांढरं झबलं होतं, आणि पोटावरून एक फिकट निळी रेघ गेली होती.

"अक्का, झबल्याला नीळ जास्त झाली का?"

"नीळ कोठे टाकी, भाऊ? तो डाग शे. कितलं धोवं, जास नही."

"कापड कुणी दिलं?"

"चुडामणनानांनी. समदासना आगोदर माले बलायं. म्हने, नातले झबलं कर, पन आजच भिजाड."

शालिग्राम त्या रेघेवरून बोट फिरवून उठला. त्यानं तिला नातीसकट आत नेलं. नानांनाही बोलावून घेतलं.

"साहेब, तक्ता सापडला," तो म्हणाला. "या पोरीच्या अंगावर आहे. जुन्या तक्त्यांवर फक्त काळी शाई होती, ती धुतली की जाते. निळी जात नाही. म्हणजे भिकुबाईला मिळालेला तक्ता जुना नव्हता. नानांनी नवा सातवा रद्दीत घातला आणि जुना कपाटात ठेवला. जाळला असता तर कुणी पाहिलं असतं. रीतीप्रमाणे वाटला, तर संशय कुणाला? आणि दिला तो त्याच वस्तीतल्या बाईला. तिनंच आपल्या हातानं आपला नळ धुऊन टाकला."

"पण का?" साहेबांनी विचारलं.

"सुनावणीनंतर हा रस्ता नव्यानं आखला गेला तो नानांच्या नव्या घरावरून. मोजणीत माझी साखळी त्यांच्याच ओट्याला अडली होती."

नाना खुर्चीचा हात धरून बसले. "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांवरून रेघा ओढल्या, साहेब. कधी विचार केला नाही. या वेळी घर माझं होतं."

"साहेब, माझ्या मोजणीवहीवरून मी आत्ता नवा तक्ता काढतो," शालिग्राम घाईनं म्हणाला.

अभयकुमारांनी घड्याळाकडे पाहिलं. "मोजणीवही म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीच्या ठरावात फक्त 'नकाशाप्रमाणे' एवढंच लिहिलंय. आज नवी रेघ ओढली तर प्लॉटवाले तिला खोटी ठरवतील. पुन्हा सुनावणी घ्यायची म्हणजे दोन महिने. एका तक्त्यासाठी आठही बुडवू?"

"मग?"

"नानांची चौकशी होईल. तक्ता मात्र हाच जाईल. आराखड्याची पुढची फेरतपासणी दहा वर्षांनी."

शालिग्रामला त्या क्षणी नानांचा राग येण्याऐवजी स्वतःच्या हुशारीचाच वीट आला. गुन्हेगार सापडला, पाणी गेलं ते गेलंच.

भिकुबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं नातीच्या अंगातलं झबलं काढलं, हातानं सारखं केलं आणि साहेबांसमोर ठेवलं.

"कापड तेच शे ना, साहेब? मंग यावरच काढा परत."

साहेबांनी मान खाली घातली. पाच वाजता तक्त्यांची गुंडाळी पुण्याच्या गाडीवर गेली. भिकुबाईनं उघड्या पोरीला पदरात गुंडाळलं, रिकामा हंडा उचलला आणि ती माळाच्या वाटेला लागली. झबलं टेबलावरच राहिलं.