यूनिसची दूधबहीण

रिफाई, चहा देऊन यूनिस गेला का बघ. सायकल नाही ना बाहेर? मग ये, बस. तुम्हीही शेकोटीजवळ सरका रे पोरांनो, चहा प्या, गार होईल. परवा गुरुवारी रिफाईच्या बहिणीचं यूनिसशी लग्न आहे, आणि आज तूबातला, ऐन थंडीच्या महिन्यातला, पहिला मंगळवार. आज बोललो नाही तर पुढे कुठल्या तोंडानं बोलू?

ही गोष्ट यूनिसच्या आईची, फौकियाची. तिचा नवरा नूबी माझ्याबरोबर राण्यांच्या दरीत, मिसरच्या जुन्या राण्यांच्या थडग्यांवर, पहाऱ्याला होता. दोघंही आता या जगात नाहीत, पण दोघांनीही मला हे सांगितलंय, आणि एकाच्या सांगण्यात दुसऱ्याच्या सांगण्याहून एका शब्दाचा फरक नव्हता.

रात्र अशीच होती. तूबातली, पहिल्या मंगळवारची. रात्रीची, इशाची नमाज होऊन तासभर झाला असेल. यूनिसच्या जन्माला नुकतेच चाळीस दिवस झाले होते, म्हणजे फौकियाला उंबरा ओलांडायची मोकळीक मिळाली होती. नूबी जेवणाचं गाठोडं घरीच विसरून कामावर गेला. विसरभोळा माणूस, स्वतःच्या लग्नात चपला विसरून आला होता.

सासू म्हणाली, "राहू दे गं. एक रात्र उपाशी राहिला तर मरत नाही."

"मरत नाही, पण सकाळी घर डोक्यावर घेईल," फौकिया म्हणाली.

तिने यूनिसला पोटभर पाजलं, सासूच्या कुशीत दिलं आणि उन्हात फुगवलेली भाकरी, मुरलेलं चीज नि कांदा बांधून ती निघाली. जाताना सासूला आतून कडी घालायला लावली.

वाटेत ते लहान थडगं लागतं, माहीत आहे तुम्हाला. फौकियाला ते नवं नव्हतं. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली. तेव्हा आपल्या बायका जातात तशी तीही तिथे गेली होती. आत भिंतीवर राजाची बायको रंगवलेली आहे, मांडीवर तान्ही मुलगी. त्या चित्राच्या पोटावर हात ठेवून फौकिया म्हणाली होती, "बाई, मलाही एक दे." वर्ष सरायच्या आत यूनिस झाला. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या आया तिथे जाऊन आल्यात, घरी जाऊन विचारा.

तर, थडग्याच्या वळणावर तिला रडणं ऐकू आलं. तान्ह्या मुलाचं.

ऐकलं मात्र, आणि तिला पान्हा फुटला. अंगातले कपडे भिजले.

भिंतीच्या कडेला एक बाई बसली होती. काळ्या चादरीत गुरफटलेली, तोंड झाकलेलं, मांडीवर पोर.

"ताई, पोरगी उपाशी आहे, दूध आटलंय माझं," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"फार दिवस झाले."

"अगं, घसा बसलाय पोरीचा. सासू काही खायला घालते की नाही तुला? मेथ्या उकळून पी." असं म्हणत फौकियाने खाली बसकण मारली आणि पोर घेतली. पोर हलकी होती, रिकाम्या सुपासारखी. तोंड थंडगार. तेवढं तिला खटकलं, पण पोर अशी अधाशासारखी ओढायला लागली की तिचा जीव कळवळला. भुकेल्या मुलाला नाही म्हणायचं पाप कोण घेईल?

"तुला मुलगा आहे ना?" बाईने विचारलं.

"आहे की. यूनिस."

"मग ही आता त्याची कोण?"

"कोण म्हणजे? बहीण. माझं दूध प्यायली, म्हणजे बहीणच."

"सख्खी?"

"सख्खीच धर."

"शपथ घे."

आता ही काय नाटकं, असं फौकियाला वाटलं. पण आपल्यात हेच धरतात ना. एकाच छातीला प्यायलेली मुलं म्हणजे भावंडं, त्यांचं आपसांत कधी लग्न होत नाही. त्यात खोटं काय? तिने अल्लाची शपथ घेतली.

बाई चादरीआड हसली. "एवढंच हवं होतं. आमच्यात बाहेरची मुलगी करत नाहीत."

फौकियाला वाटलं, चुलत भावालाच देत असतील, आपल्याकडेही देतात. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. मान वर केली...

बाई नव्हती.

मांडीवर पाहिलं. पोर नव्हती. ओली छाती तेवढी थंडीत गार पडत होती.

ती धावत नूबीपाशी आली. तो आधी हसला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "एवढी बाई येऊन बसली आणि पहारेकऱ्याला पत्ता नाही, नोकरी जायची माझी." मग तिने ते शेवटचं वाक्य सांगितलं.

नूबीचं चावणं थांबलं.

रोज वाटाडे पर्यटकांना सांगायचे ते ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं. त्या चित्राच्या डोक्यावर काय लिहिलंय? राजाची मुलगी. राजाची बहीण. राजाची बायको. तिन्ही एकच बाई. आपल्यात बहीण म्हटली की लग्नाचा विषय संपतो... त्यांच्यात तिथूनच सुरू व्हायचा.

"यूनिसच्या आई," तो म्हणाला, "तू त्यांच्या घरात सोयरीक करून आलीस."

दोघं धावत सुटली. पहारा, कंदील, सगळं तिथेच टाकून.

दाराला आतून कडी होती. ठोठावून ठोठावून सासू उठली. शिव्या देत आली. यूनिस गाढ झोपला होता. श्वास चालू होता. अंग गरम होतं. फौकिया रडायला लागली, आनंदानं.

मग नूबीने त्याची उजवी मूठ पाहिली. घट्ट मिटलेली. त्याने एकेक बोट उघडलं...

मेंदी.

ओली. लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेवाच्या हाताला लावतात तशी. घरात मेंदीची चिमूटही नव्हती. सासूने कुणाला दार उघडलं नव्हतं.

महिनाभराने तो रंग गेला. पुढच्या तूबात... परत आला.

फौकिया दरवर्षी त्या थडग्याशी जाऊन भांडायची. "मी दूध दिलं, बाई. मुलगा नाही दिला." आणि त्या रात्री यूनिसच्या उशाशी बसून पहाटेपर्यंत त्याची मूठ हातात धरून ठेवायची. मोठा बाप्या झाला, मिशा आल्या, तरी धरायची. तो लाजायचा. ती सोडायची नाही. मला त्या बाईची फार कीव यायची. उन्हाळ्यात ती गेली. म्हणजे आजची ही पहिली रात्र... त्याची मूठ धरायला कुणी नाही.

काय म्हणालास, रिफाई? लग्न मोडू का? ते मी कसं सांगू, बाळा. पोरगा सोन्यासारखा आहे. तुझ्या बहिणीवर त्याचा जीव आहे. तिला तरी माहीत असू दे, एवढंच.

मघाशी त्याने मला चहा दिला, पाहिलंत? डाव्या हातानं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला, डाव्या हातानं. उजवा हात बाहीत ओढून घेतला होता.

पण ट्रे आणताना दोन्ही हातांनी धरावा लागतो.

दिवा इकडे कर. पेले उचल. उजवी कड बघ...

हो. मेंदीची बोटं. त्याचीच.

पुसू नको. ओली आहे.

आणि त्याच्या शेजारी... हो, मीही तेच बघतोय. बारीक आहेत. बाईची.

रिफाई... चहा घेऊन तो एकटाच आला होता ना?