दहा मिनिटांचा हुकूम

आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते मला विचारा! नोकरीचा पहिलाच आठवडा. ऑफिसात बसून मी दूरच्या एका वाचनालयाच्या राउटरला कमांड देत होते — कोणाला आत येऊ द्यायचं, कोणाला नाही. एंटर दाबलं, आणि पडदा गोठला. मी स्वतःलाच बाहेर काढलं होतं.

घाबरत घाबरत तिथल्या ग्रंथपालाला फोन लावला.

"तुमचं इंटरनेट बंद पडलंय का हो?"

"आत्ताच पडलं. तुम्हाला कसं कळलं?"

"...मीच पाडलं."

पलीकडून असं मोकळं हसू आलं, की माझे कान तापले.

मग त्यानं निळ्या केबलनं लॅपटॉप राउटरला जोडला. मी एकेक अक्षर सांगायचे, तो टाइप करायचा.

"चूक दाखवतोय," तो म्हणाला.

"स्पेस द्यायची विसरला असाल!"

"अय्या... हो की!"

पुरुषाच्या तोंडून 'अय्या' मी पहिल्यांदाच ऐकलं. मला हसू आवरेना. शेवटची कमांड रीलोडची. राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत दोघं फोनवरच थांबलो.

"पुन्हा असं झालं तर?"

"नाही होणार. खरं तर नियमच आहे — बदल करण्याआधी राउटरला हुकूम देऊन ठेवायचा, दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो म्हणून. सगळं नीट झालं, तर हुकूम रद्द करायचा. नाहीतर राउटर आपोआप पहिल्यासारखा होतो."

"मग आज का नाही दिलात?"

"अतिशहाणपणा नडला!"

"बरं झालं," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर त्याच्या राउटरला रोज काही ना काही व्हायला लागलं. एव्हाना त्याला सगळ्या कमांड पाठ झाल्या होत्या, तरी विचारायचा, "हे एकदा बघता का?" मीही कुठली साधी! दुपारच्या चहाच्या वेळेलाच त्याचं काम काढायचे. शेजारच्या टेबलावरची ताई म्हणायची, "अगं, त्या राउटरला दृष्ट लागेल तुझी!"

आणि एका शुक्रवारी साहेबांनी सांगितलं, सोमवारपासून वाचनालयांचं काम दुसऱ्या टीमकडे. आता फोन करायचा तो कुठल्या निमित्तानं?

मी त्याला सांगितलं. तो घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, एक बदल करायचाय... राउटरमध्ये नाही. आधी हुकूम देऊन ठेवतो. दहा मिनिटं."

"म्हणजे?"

"मला तुम्ही आवडता. रविवारी भेटायचंय, समोरासमोर. दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर मी काही बोललोच नाही. तुम्ही मॅडम, मी ग्रंथपाल — सगळं पहिल्यासारखं."

मी तोंड उघडणार, तोच साहेब खुर्चीमागे येऊन उभे! "फोन ठेव. नव्या टीमला काय काय सांगायचं ते बघू."

ठेवला. साहेब बोलत होते. घड्याळ पळत होतं. माझे डोळे त्याच्यावरच! माझं तोंड बघून ताईला काय कळलं देव जाणे — "साहेब, जरा इकडे येता?" म्हणाली. साहेब वळले.

माझ्या पडद्यावर त्याचाच राउटर उघडा होता. राउटरला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर निरोप पाठवायची एक कमांड असते, आणि त्याचा लॅपटॉप त्या निळ्या केबलनं जोडलेलाच असायचा. तिथं मराठी उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत भराभरा लिहिलं — हुकूमरद्द. मॅडमही रद्द.

एंटर.

काहीच नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय... उशीर झाला का? डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. आणि तेवढ्यात पडद्यावर तशाच इंग्रजी अक्षरांत त्याची ओळ उमटली —

"स्पेस द्यायची विसरलीस गं!"

रविवारी वाचनालय बंद असतं. त्या रविवारी मात्र दार उघडं होतं, आणि दारात तो, फोनवर हसायचा तसाच हसत.