बोगद्यातली पट्टी

माझा धाकटा भाऊ सुजय रेल्वेत ट्रॅकमन होता. गेल्या श्रावणात गस्तीवर असताना तो एका बोगद्यात शिरला आणि पलीकडून बाहेर आलाच नाही. पलीकडच्या तोंडाशी त्याचा जोडीदार लवू उभा होता. सातशे मीटरचा सरळ बोगदा. चार दिवस शोधलं, काही सापडलं नाही.

मी देवरूखला मोजणी खात्यात आहे. दर रविवारी एसटीनं कुवारबावला सुजयच्या घरी जायचो. त्याची बायको वेदिका चहा करायची. बोलणं फारसं होत नसे. मला रडू आलं नव्हतं, तिलाही नाही.

मागच्या खोलीत सुजयनं प्लायवूडवर छोटी रेल्वे मांडायला घेतली होती. त्याच्याच गस्तीचा तुकडा: एक लांब वळण, पुढे थर्माकोलचा डोंगर, डोंगरात बोगदा. रूळ यायचे होते. रुळांखाली खडीच्या जागी घालायची कॉर्कची पट्टी मात्र आणून ठेवलेली. एकदा वेदिका म्हणाली, हे तेवढं पुरं करा. हाताला काहीतरी काम हवंच होतं.

पट्टी मधोमध लांबीनं चिरून दोन भाग करायचे, म्हणजे ती वळते. पेन्सिलीच्या रेघेला धरून आधी बाहेरचा भाग चिकटवायचा, मग आतला. सांधे समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत. फेव्हिकॉल सुकेपर्यंत कडेनं टाचण्या, मग पॉलिश पेपरनं घासून माथा सपाट करायचा. त्या रविवारी बोगद्याच्या तोंडापर्यंत वळण झालं. बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत.

पुढच्या रविवारी पट्टीवर बारीक खळगे दिसले. टाचण्यांची भोकं कडेला होती, हे मधोमध. झुरळांनी कुरतडलं असेल म्हणून कॉर्कचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून ते बुजवले, पुन्हा घासलं. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली देवरूखला नेली.

आठवड्यानं आलो तर खळगे तिथेच. मी फूटपट्टी काढून दोन खळग्यांमधलं अंतर मोजलं. आठ मिलिमीटर, सात, आठ, सात. वळणभर तसंच, आणि बोगद्याच्या तोंडाशी, कॉर्क संपतो तिथे, थांबलेलं. सुजयच्या रेल्वेचं प्रमाण एकास सत्याऐंशी होतं. गुणाकार केला. सत्तर सेंटिमीटर, एकसष्ट, सत्तर, एकसष्ट.

डावा पाय मोडल्यापासून सुजयचं एक पाऊल आखूड पडायचं.

वेदिका दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. खळग्यांबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं.

"दादा, बोगद्यातपण घाला ना," ती म्हणाली. "आत त्यांना चालायला काय नाही."

मी डोंगर उचलून बाजूला ठेवला. आत नुसतं प्लायवूड. आपल्याला भीती वाटायला हवी, असं मनात आलं. वाटली नाही. कॉर्क चिकटवला, टाचण्या लावल्या, पलीकडे वीतभर बाहेर काढला. दुपारी टाचण्या उपटून माथा घासला, डोंगर परत ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

पुढच्या रविवारी कुलूप मीच उघडलं. खळगे बोगद्यात गेले होते.

पलीकडून बाहेरही आले होते.

वाकून मोजले. आठ. आठ. आठ. आठ. खिडकी उघडून उजेडात पुन्हा मोजले. एकही पाऊल आखूड नव्हतं.

"आले का?" वेदिकेनं मागून विचारलं.

मी फूटपट्टी खिशात ठेवली. तिच्याकडे पाहिलं नाही.

"हो," म्हटलं. "आला."

सुजय कधीही येईल म्हणून त्या घराच्या पुढच्या दाराला वर्षभर कडी लागली नव्हती. वेदिका सावकाश ओटीवर गेली, दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.