शंका नव्हती

कुणीच बोलत नव्हतं. ताटं वाढलेली होती, पेले भरलेले होते, आणि चौघांच्या मध्ये एखादा न बोलावलेला पाहुणा येऊन बसावा तसं मौन बसलं होतं... हट्टी, न जेवणारं, न उठणारं. आईने भावाच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं. तिच्या, थोरल्या बहिणीच्या ताटाकडे मात्र आईचा हात वळलाच नाही. तिने पातेलं जवळ ओढलं आणि स्वतःचं स्वतः वाढून घेतलं. रुसून उपाशी निजणाऱ्यांतली ती नव्हती!

“उद्या सकाळी खेळाच्या बाईंकडे जायचंय,” अखेर बाबा म्हणाले. रंगाऱ्याचं काम करणाऱ्या त्यांच्या बोटांच्या कडांना अजून पांढरा रंग चिकटलेला होता. “मी बोलून आलोय. तू एवढंच म्हणायचंस, की मला शंका होती. मग याला आणखी एक उडी मिळेल.”

“मला शंका नव्हती, बाबा.”

“आली मोठी न्यायाधीश!” आई कडाडली, आणि त्याच श्वासात तिचा स्वर भिजला. “अगं, पाठचा भाऊ आहे तुझा! जग त्याला खाली ओढायला टपलेलं असताना तूच...? कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?”

भाऊ मान खाली घालून घास चिवडत होता. लांबच लांब पायांमुळे सारी शाळा त्याला नाकतोड्या म्हणे. निवासी क्रीडा विद्यालयाच्या निवडीसाठी त्या दिवशी मैदानावर लांब उडीची चाचणी होती, आणि त्याची शेवटची उडी इतकी देखणी होती, की वाळूत पडण्याआधीच पोरांनी टाळ्या पिटल्या होत्या. पण उडी घ्यायच्या फळीपाशी पंच म्हणून ती उभी होती. शाळेच्या शेवटच्या वर्षाला तिने शारीरिक शिक्षण हा विषय घेतला होता. त्या विषयाच्या प्रात्यक्षिकात खेळाडू व्हा किंवा पंच व्हा, अशी मुभा होती. आणि तिने, मुलींमध्ये सर्वांत लांब उडी मारणाऱ्या तिने, झेंड्या हाती घेतल्या होत्या... कारण घरात खिळ्यांच्या बुटांचा जोड एकच होता, आणि एका जोडात दोन स्वप्नांचे पाय मावत नव्हते! त्या त्यागाचा कुणी उच्चार केला नव्हता. आज मात्र त्याच त्यागाला घरात नवं नाव मिळालं होतं : मत्सर.

फळीच्या पुढच्या कडेला मऊ मेणाची पट्टी असते. पाऊल फळी ओलांडून गेलं, की तिच्यावर ठसा उमटतो. त्याच्या बुटाचा चवडा उमटला होता; स्पष्ट, निर्दय, कोवळा. तिने लाल झेंडी उचलली : उडी बाद. वाळू झटकत तो धावत आला आणि त्या ठशाकडे पाहून पुटपुटला, “लागला गं ताई... मला उडतानाच कळलं. पण मला कळलं होतं, हे घरी नको सांगूस. बाबा मोडून पडतील.” “नाही सांगणार,” ती म्हणाली होती. मग नियमाप्रमाणे पुढच्या मुलासाठी तिने पट्टी सारखी केली, आणि जगातला एकुलता एक पुरावा तिच्याच हाताने पुसला गेला. घरी आल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला होता, “मला तरी नाही वाटत लागला असं...”

त्या अर्ध्यामुर्ध्या वाक्याखाली ती तेव्हापासून उभीच्या उभी गाडली गेली होती! एका शब्दाने तिला बाहेर येता आलं असतं. पण दिलेला शब्दही शब्दच असतो ना...

“खूण कुठंय मग?” बाबांचा आवाज चढला. “तूच पुसलीस! सोयीस्कर आहे.”

“मी पाहिलं ते सांगितलं,” ती म्हणाली. “पुन्हा विचाराल तर पुन्हा तेच सांगेन.”

सकाळी बाबा दोघांना घेऊन शाळेत गेले. खेळाच्या बाई सामानाच्या खोलीत होत्या. जाळीत भरलेले चेंडू, गुंडाळलेल्या गाद्या, चुन्याच्या पोत्याचा कोरडा वास. बाईंनी हातातला पंप खाली ठेवला.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “पंचाचीही चूक होते, त्यात कमीपणा नाही. शंका असेल तर कौल खेळाडूला द्यायचा, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तुला जराशी जरी शंका असेल, तर मी निवड समितीशी बोलते. होती का?”

केवढी सोपी वाट होती ती! एक लहानसा, निरुपद्रवी दिसणारा होकार... आणि आईचं वाढणं परत, बाबांचं हसणं परत, भावाचं सगळं आकाश परत. तिने भावाकडे पाहिलं. तो गाद्यांच्या वळकटीवर बसून नखं कुरतडत होता.

“शंका नव्हती, बाई.”

“जळते हो ती!” बाबा उसळले. “स्वतःला उडी सोडावी लागली, त्याचा सूड आहे हा!”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण मान खाली गेली नाही.

“हो, वाईट वाटलं मला उडी सोडताना! रडलेही मी, मोरीत नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण ते मी आपणहून दिलं होतं, बाबा. उडी दिली... डोळे नाही दिले! त्याच्यासाठी मागाल ते देईन. पण जे मी पाहिलं ते पाहिलं नाही, असं म्हणायला सांगू नका. माझ्याशी घरात कुणी बोलू नका, मला वाढू नका. मी उभी राहीन!”

“बाबा, पुरे!”

भाऊ उठला होता.

“लागला होता माझा पाय. मी स्वतः पाहिला ठसा... तिला तिथेच म्हणालो, की घरी सांगू नकोस. आणि तिने नाही सांगितलं. तुम्ही एवढं टाकून बोलत होतात... आणि मी जेवत होतो, बाबा! मी जेवत होतो!”

मग तो तिच्यापाशी आला आणि लहानपणी येई तसा तिच्या खांद्यावर कपाळ टेकून हुंदके देऊ लागला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला.

“गप, नाकतोड्या. पुढच्या वर्षी निवड आहेच. धाव चार बोटं मागून सुरू कर, म्हणजे झालं.”

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाबा मात्र तिच्याकडेच पाहत होते. जन्मभर ज्या भिंतीला टेकून बसलो, ती भिंत म्हणजे जितंजागतं माणूस होतं हे आत्ताच उमगावं, तसे.

“पोरी... एवढं सगळं ऐकून घेतलंस. एक शब्द टाकला असतास, तर मी तिथेच... का नाही बोललीस?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पण क्षमा करण्याची घाईही नव्हती. बाहेर खालच्या वर्गातली मुलं रांगेत उभी राहून तिची वाट पाहत होती. आजचा व्यायाम तिनेच घ्यायचा होता. भावाला हलकेच बाजूला करून ती दाराबाहेर पडली.

“अगं, का?” बाबांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू, जणू परवानगी मागावी तसं.

ती पायऱ्या उतरली आणि मैदानाकडे चालू लागली.