डावीकडचा कल

"काका, सायकलच्या शॉर्ट्सच्या आत चड्डी घालता का?" दुकानातल्या ईश्वरी गांगुर्डेने अगदी सहज विचारलं, आणि यशवंतराव खैरनार स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले. चौसष्टाव्या वर्षी हा प्रश्न कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"घालू नका. शिवण टोचते. आणि जाड गादी बघून घेतलीत, तिथेच फसलात. जाड म्हणजे आरामाची असं नसतं."

नाशिकच्या त्या दुकानात सायकलच्या शॉर्ट्स आता कमरेच्या मापाने विकत नसत. गिऱ्हाईक एका स्टुलावर बसून दहा मिनिटं पेडल मारी आणि हाडांचा भार कुठे पडतो ते पडद्यावर उमटे. यशवंतरावांचा सगळा भार डावीकडे होता, उजवीकडे जेमतेम. म्हणूनच दहा किलोमीटरनंतर त्यांचा डावा पाय बधिर होई. असंच चाललं तर सायकल विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सायकल गेली तर सकाळ कशी ढकलायची? घरात बोलायला कुणीच नव्हतं.

"डावीकडे कुणी असतं का तुमच्या?"

"असायची. कुमुद, माझी बायको. एकवीस वर्षं रोज बरोबर सायकल. गाड्यांच्या बाजूला मी, कडेला ती. आवाज बारीक तिचा, वाकावं लागायचं. दोन वर्षं झाली जाऊन."

ईश्वरीने महागडी जोडी फळीवर परत ठेवली आणि मधल्या किमतीची पुढे केली. "हीच घ्या. शिकणारी गादी दोन्हींत एकच आहे, तिकडे फक्त नक्षी जास्त." फोनला जोडलेल्या त्या गादीत मोहरीएवढ्या पिशव्या होत्या. भार जास्त पडे तिथला द्रव हळूहळू घट्ट होई आणि माणसाला मध्यावर आणी. "पंधरा दिवसांत सरळ बसाल. तुम्हाला कळणारही नाही."

खरंच कळलं नाही. बाराव्या सकाळी ते अंजनेरीच्या फाट्यावर उतरले तेव्हा पाय ठणठणीत होता. पाणी पिता पिता त्यांना हसू आलं. मग ध्यानात आलं, की घरापासून इथपर्यंत आपण एकदाही डावीकडे वाकलो नाही. कुमुदची एकदाही आठवण झाली नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दुपारी ते दुकानात हजर झाले. "अगं, या गादीला शिकवलेलं थोडं विसरायला लावता येतं का?"

ईश्वरीने पडद्यावर गादीच्या सेटिंग चाळल्या.

"एका फेरीत एक किलोमीटर सोडता येईल. तेवढ्यात गादी तुम्हाला वाकू देईल. जास्त नको, पाय पुन्हा धरेल." तिने रस्त्याचा नकाशा त्यांच्यापुढे धरला.

यशवंतराव विचारात पडले. चढावर कुमुद दमून गप्प असे. उतारावर ती पुढे निघून जाई. बोलणं व्हायचं ते मधल्या सपाट रस्त्यावर. भाचीचं लग्न, शेजारणीची कुरबुर, सगळं तिथेच. शेवटच्या वर्षी दुखण्याचं तिने सांगितलं, तेही तिथेच. त्यांनी त्या सपाटीवर बोट ठेवलं.

ईश्वरीने अंतर मोजलं.

"हे तीन किलोमीटर आहेत, काका. यातला कुठला ठेवू?"