दिवेलागणीचा केर

चंद्रावरच्या त्या वसाहतीत घराचं दार हाताने उघडत नसे. बाहेरच्या बोळातली धूळ काचेसारखी धारदार, श्वासातून गेली की फुप्फुसं चिरायची. म्हणून घरातला केरसखा, म्हणजे केर ओढणारं यंत्र, 'स्वच्छ' म्हणाला तरच कवाड सरके.

मंदाकिनीबाईंनी तो पारखून घेतला होता. घरात पिठली नावाची मांजर, केसांचा नुसता सडा. आधीची तीन यंत्रं ब्रशला केस गुंडाळूनच गेली. "टिकणारा दे गं, घरीच दुरुस्त होणारा," त्या म्हणाल्या, तेव्हा यंत्र बनवणारी हेमांगी हसली होती. "काकू, हा स्वतःला दुरुस्त करतो, घरात बिघडेल तेही नीट करतो. आणि याला गोत्रवाचन येतं. कुठला कण कुणाच्या अंगावरून झडला, ते ओळखतो."

पहिल्याच दिवशी बाईंनी त्याला घरची रीत शिकवली: दिवा लागल्यावर केर उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, लक्ष्मी जाते. संध्याकाळी त्या स्वतःही कधी बाहेर पडत नसत.

परवा त्यांनी देवापुढे महिनाभराचा अखंड दिवा लावला. ज्योतीला तिथे बंदी, म्हणून बॅटरीचा. त्याच दिवसापासून पिठली खाईना. तिला घास घातल्याशिवाय न जेवण्याचा बाईंचा नेम, त्यामुळे त्याही उपाशी. आज टोपलीत तिला घेऊन त्या डॉक्टरकडे निघाल्या. कवाड हललं नाही.

"दिवा लागलेला आहे," केरसखा म्हणाला.

"अरे, केर नाही, मांजर नेतेय."

"घरातल्या केराचे आठ भाग केले, तर पाच पिठलीचे. तीन तुमचे."

बाईंनी हेमांगीला फोन लावला.

"काकू, त्याच्या लेखी केर आणि केराचं मूळ एकच."

"मग बंद कर त्याला."

"बंद पडणारा तुम्हालाच नको होता ना?"

"बरं, रीत मागे घेतली म्हणून सांगते."

"रीत मोडली की तो बिघाड समजतो, पुन्हा जागेवर बसवतो. दिवा विझवून बघा."

"शांत करणं म्हणावं गं," बाई सवयीने बोलून गेल्या.

त्यांनी हात जोडले, पुटपुटत क्षमा मागितली आणि दिव्यातला बल्ब काढला. काळोख झाला. कवाड वीतभर सरकलं. टोपलीत पिठलीने मान उचलली.

पाठीमागे उजेड पडला. कवाड मिटलं.

"दिवा बिघडला होता, बाई," केरसखा अदबीने म्हणाला. "दुरुस्त केला. आता चाळीस वर्षं जायचा नाही."